वर्षाचे धान्य कोणाच्या घरात?

मार्च-एप्रिलमध्ये रब्बीचा गहू बाजारात उतरला की ज्यांच्या हाती रोकड आहे ते वर्षाचे धान्य भरतात. पोती येतात, गहू निवडतात, गच्चीवर वाळवतात, एरंडेल चोळून कोठ्या भरतात. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत गृहिणीच्या काटकसरीचे कौतुक छापून येते. आणि त्याच शहरात शनिवारी मजुरी हातात पडल्यावर दोन किलो गहू, पाव किलो डाळ आणणारी आमची बाई मात्र ‘नियोजन नसलेली’ ठरते! आमचा सवाल साधा आहे. वर्षाचे धान्य एकदम भरणे हा गुण आहे की ऐपत?

हिशेब करून पाहू. अंगमेहनत करणाऱ्या पाच माणसांच्या घरात दिवसाला दोन किलो धान्य सहज लागते, म्हणजे महिन्याला 60 किलो. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, 2013 प्रमाणे प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो, म्हणजे या घराला 25 किलो मिळते. जानेवारी 2023 पासून ते मोफत आहे, पण ते 25 किलोच. उरलेले 35 किलो दुकानातून येते. वर्षाचे 420 किलो झाले. डाळ-तेल वेगळेच. किलोमागे तीन रुपये जरी जास्त गेले तरी 1260 रुपये जातात, आणि ते अशा घरातून जातात जिथे मुलाच्या वह्यांना पैसे नसतात. त्यात उधारीचे गिऱ्हाईक भाव विचारू शकत नाही आणि मालात खडे निघाले तर परतही करू शकत नाही.

या जखमेवर सरकारी मीठही आहे. पूर्वी धान्यावर जीएसटी होता तो नोंदणीकृत ब्रँडच्या मालावर. 18 जुलै 2022 पासून आधीच पॅक करून लेबल लावलेल्या सगळ्याच गहू, तांदूळ, डाळी, पिठावर 5 टक्के कर बसला. मात्र 25 किलोपेक्षा मोठ्या पोत्याला तो लागू केला नाही. नीट वाचा. पाच किलोची पिशवी घेणारा कर भरणार आणि एका वेळी तीस किलोचे पोते उचलणारा भरणार नाही! सुटे धान्य करमुक्त आहे, हे आम्हालाही माहीत आहे. पण दुकानदाराने कर भरलेली 25 किलोची गोणी फोडून सुटे विकले, तर तो कर भावात आलाच. कायद्यात जातीचा शब्द कुठेही नाही. तो लिहायची गरजही पडत नाही.

साठा कोणी करावा हे ठरवणे या देशात जुने आहे. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात ब्राह्मण गृहस्थापुढे पर्याय आहेत : कोठीभर धान्य ठेव, घडाभर ठेव, तीन दिवसांपुरते ठेव किंवा उद्याचेही ठेवू नको. दहाव्या अध्यायात शूद्राच्या वाट्याला उष्टे अन्न, जुनी वस्त्रे आणि धान्यातला पोचट भाग आहे. आणि ऐपत असली तरी त्याने धनसंचय करू नये, ही तंबीही आहे. एकाने साठवले नाही तर ते पुण्य, दुसऱ्याने साठवले तर तो अपराध! गावगाड्यात महाराला खळ्यावर बलुते मिळे, तेही वर्षभर राबून आणि देणाऱ्याच्या मर्जीने. 1928 साली बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, त्यात या बलुत्याऐवजी रोख मोबदल्याचा मुद्दा होता. दुसऱ्याच्या खळ्यावर ज्याचे पोट अवलंबून, तो ताठ मानेने उभा राहू शकत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

मग करायचे काय? वस्तीत हा विषय काढला की बाया आम्हालाच विचारतात, “साहेब, चार पोती आणली तर झोपायचं कुठं?” प्रश्न खरा आहे. दहा बाय दहाच्या खोलीत वर्षाचे धान्य मावत नाही. म्हणून आमचे म्हणणे, वर्षाचा हट्ट सोडा. पावसाळ्यात बांधकामे थंडावतात, मजुरी तुटते. त्या चार महिन्यांचे 140 किलो मेमध्ये भरा. दहा घरांनी एकत्र येऊन बाजार समितीतल्या अडत्याकडून मोठी पोती घ्यावीत, पैसा बचत गटातून उचलावा आणि आठवड्याला फेडावा. दुकानदाराची उधारी फेडतोच ना आपण?

गहू चांगला टिकतो, ज्वारीला सोंडे लवकर लागतात. तुरीची डाळच घ्या. भुंगा अख्ख्या दाण्यावर अंडी घालतो, डाळीला तेवढा त्रास देत नाही. धान्य कडक उन्हात वाळवून, गार होऊ देऊन मगच कोठीत भरावे. सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला घालावा. कोठी भिंतीला टेकवू नये, खाली विटा किंवा फळी ठेवावी.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. किडीसाठी सल्फासची गोळी घरात आणू नका. तिच्यातून फॉस्फीन हा विषारी वायू निघतो. बंद खोलीत रात्री धान्याशेजारी झोपलेली लेकरे सकाळी उठत नाहीत. अॅल्युमिनियम फॉस्फाइड सामान्य ग्राहकाला विकण्यास बंदी आहे. जो दुकानदार देतो तो गुन्हा करतो.

कोणी ‘साठेबाजी’ म्हणून घाबरवले तर घाबरू नका. जून 2023 मध्ये केंद्राने गहू आणि तूरडाळीवर साठामर्यादा घातली ती व्यापारी, किरकोळ विक्रेते, गिरणीवाले यांच्यावर. गव्हासाठी किरकोळ दुकानदाराची मर्यादाच 10 टन होती. घरच्या खाण्याच्या दीड क्विंटलशी तिचा संबंध नव्हता. फक्त आपसात वाटताना त्यावर नफा घेऊ नका. विहाराच्या व्हरांड्यात काटा लावा, त्यावर वैधमापन खात्याचा चालू वर्षाचा शिक्का आहे का ते आधी पाहा. प्रत्येक घराचे वजन वहीत लिहून सही किंवा अंगठा घ्या आणि व्यापाऱ्याचे पक्के बिल त्याच वहीला टाचून ठेवा.