उभ्याने वल्हवावयाची लाटफळी : निवडीचे काही निकष

हवाई बेटांच्या भाषेत उभे राहून वल्ह्याच्या साह्याने लाटेवर स्वार होण्यास ‘होए हेए नालू’ असे म्हणतात. ‘होए’ म्हणजे वल्हे, ‘हेए’ म्हणजे सरकणे व ‘नालू’ म्हणजे लाट. फळीने करावयाची दोन भिन्न कार्ये या नावातच एकत्र आली आहेत. वल्हवताना फळी स्थिर हवी, तर लाटेवर सरकताना ती चटकन वळावयास हवी. हे दोन्ही गुण एकाच फळीत पूर्णांशाने आढळत नाहीत. निवडीचा प्रश्न येथूनच उद्भवतो.

लाटेनुसार फळी वेगळी असावी, हा विचार हवाईत जुनाच आहे. सरदारवर्गाची ‘ओलो’ ही लांब व जाड फळी न फुटलेल्या संथ लाटांवर चाले. आखूड व पातळ ‘आलाइआ’ उभ्या, फुटत्या लाटांस योग्य असे. विसाव्या शतकाच्या मध्यास वाइकीकी येथील लाटक्रीडेचे शिक्षक लांब फळीवर वल्हे घेऊन उभे राहत. एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी लेअर्ड हॅमिल्टन, डेव्ह कलामा प्रभृतींनी या प्रकाराचे पुनरुज्जीवन केले. आजची लाँगबोर्ड धर्तीची वल्हफळी ही या परंपरेतील होय.

या धर्तीची फळी साधारणतः 9 ते 10½ फूट लांब असते. तिचा पुढील भाग रुंद व गोलसर, कडा जवळजवळ समांतर आणि तळाचा वाक अल्प असतो. लांबी व अल्प वाक यांमुळे ती लवकर वेग घेते आणि लाट फुटण्यापूर्वीच तिच्यावर चढते. तथापि हाच अल्प वाक उभ्या लाटेवर दोष ठरतो. कारण फळीचे टोक पाण्यात घुसते. सबब ही फळी उतरत्या, सावकाश फुटणाऱ्या लाटांकरिताच घ्यावी.

यानंतर आकारमानाचा विचार करावा. स्वाराचे वजन 75 किलो व फळी, वल्हे इत्यादींचे 10 किलो धरल्यास, केवळ तरंगण्याकरिता समुद्राचे सुमारे 83 लिटर पाणी बाजूस सारावे लागते. 130 लिटरच्या फळीत म्हणजे सुमारे 47 लिटरांची शिल्लक उरते. नवशिक्यास ही शिल्लक अधिक हवी. अभ्यस्तास ती कमी चालते. केवळ लांबी पाहून फळी घेणाऱ्यांचे या शिलकीकडे दुर्लक्ष होते.

रुंदीच्या बाबतीत अधिक सावधगिरी आवश्यक आहे. शांत पाण्यात 32 इंच रुंदीची फळी भूमीसारखी स्थिर वाटते व ग्राहक संतुष्ट होतो. परंतु रुंद फळी पाण्याच्या पृष्ठभागाचा उतार अनुसरते. त्यामुळे खवळलेल्या पाण्यात तीही कलते. शिवाय लाटेवर वळण घेण्याकरिता कड पाण्यात दाबावी लागते, आणि अतिरुंद फळीची कड सहज दबत नाही. म्हणून पुरेशी शिल्लक राखून 28 ते 30 इंचांपर्यंत उतरता येत असेल तर उतरावे. फळीची परीक्षा तळ्यात नव्हे, लाटांतच घ्यावी.

तळाशी एकच मोठा पर असल्यास फळी सरळ व संथ चालते. त्याच्या दोन्ही बाजूंस लहान पर जोडल्यास वळणात पकड वाढते. वल्हे शांत पाण्यापेक्षा काही इंच आखूड, सुमारे डोक्याइतक्या उंचीचे, असावे.

शेवटचा निकष स्वाराच्या सोयीचा नसून इतरांच्या सुरक्षिततेचा आहे. उभा असलेला स्वार लाट आधी पाहतो व आधी पकडतो. पोटावर पडून हाताने पाणी मारणाऱ्यांच्या वाट्यास मग लाट उरत नाही. त्यातच 10 फुटांची फळी 10 फुटांच्या पायदोरीने बांधलेली असली, तरी स्वार पडताच ती सुमारे 20 फुटांच्या परिघात कोणासही इजा करू शकते. म्हणून जी फळी पडल्यानंतरही आवरता येईल, तीच घ्यावी. आणि तोवर गर्दीपासून दूर राहावे. फळी स्वारास पेलते की नाही, याबरोबरच स्वारास फळी पेलते की नाही, हेही पाहावयास हवे.