पट्टाकरवतीची टेकणपट्टी

जयपूरच्या लाकूडकामाच्या कारखान्यांत शिसमाची जाड फळी उभी चिरून पातळ तक्ते काढावयाचे झाले, की काम मोठ्या पट्टाकरवतीवर जाते. फळी जिला टेकवून पुढे सारावयाची ती पट्टीच वाकडी असली, तर महागडे लाकूड वाया जाते. आणि अडकलेली फळी बळाने रेटणाऱ्याची बोटे धोक्यात येतात.

नवी पट्टी निवडताना आधी उंची पाहावी. ठेंगणी पट्टी उभ्या फळीला सावरीत नाही. लाकडी पट्टी स्वस्त खरी, पण कोरडा उन्हाळा सरून पावसाळी हवा आली की ती पीळ खाते. लोखंडी अगर ॲल्युमिनियमची बरी.

पट्टी मेजाच्या कडेशी समांतर बसविली की झाले, ही समजूत मात्र फसवी. दात दोन्ही अंगांना सारखे वाकविलेले वा सारखे धारदार नसले, तर पाते एका अंगाला ओढते. म्हणून सरळ कडेच्या टाकाऊ फळीवर कडेला समांतर रेघ आखावी व नुसत्या हाताने त्या रेघेवर कापीत जावे. निम्म्यावर यंत्र बंद करावे, पाते पुरते थांबू द्यावे आणि फळी न हलविता तिची कड मेजावर आखून घ्यावी. पट्टी त्याच दिशेने बसवावी. मेजाशी काटकोन गुण्याने तपासावा. पाते बदलले, की ही परीक्षा पुन्हा.