पाण्यावर गाडी चालेल का?

२०१२ मध्ये सिंधमधले इंजिनियर आगा वकार अहमद पाकिस्तानी टीव्हीवर आले आणि म्हणाले, माझी गाडी पाण्यावर चालते. देशात वीज आणि गॅसची टंचाई होती, लोकांना ते ऐकून हायसे वाटले. मंत्र्यांनी कौतुक केले, अणुशास्त्रज्ञ डॉ. अब्दुल कदीर खान यांनीही पाठराखण केली. डॉ. अता-उर-रहमान आणि डॉ. परवेझ हुदभॉय मात्र ठामपणे म्हणाले, हे शक्यच नाही. ती गाडी बाजारात आलीच नाही.

आपल्याकडे तसेच व्हिडिओ मोबाईलवर फिरतात. बरणीत पाणी, दोन तारा, वर येणारे बुडबुडे आणि रिक्षाला बसवायचा किट. बुडबुडे खोटे नसतात. पाण्यात वीज सोडली की हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे होतात. हायड्रोजनवर इंजिनही चालते. स्वित्झर्लंडच्या द रिवाझ यांनी १८०७ च्या सुमारास ते करून पाहिले होते.

मग अडते कुठे? हायड्रोजन जळला की पाणी होते. म्हणजे पाणी ही हायड्रोजनची राख आहे, आणि राखेवर चूल पेटत नाही. आपल्या वीजबिलाच्या युनिटमध्ये हिशेब करू. एक किलो हायड्रोजन काढायला नऊ लिटर पाणी आणि सुमारे ५० युनिट वीज लागते. तो जाळला की ३३ युनिटांएवढी उष्णता मिळते. त्यातली चाकांपर्यंत पोहोचते फार तर दहा युनिटांएवढी. शिवाय ती ५० युनिट वीज द्यायची कुणी? गाडीच्या बॅटरीने, आणि बॅटरी भरते इंजिन! म्हणजे खर्च होते ते पेट्रोलच.

हायड्रोजनची गाडी खोटी नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यात सीएसआयआर आणि केपीआयटी यांनी बनवलेली बस लोकांसमोर आली. तिच्या टाकीत पाणी नसते, बाहेर तयार करून भरलेला हायड्रोजन असतो. फ्युएल सेलमध्ये त्याची वीज होते, मोटर फिरते आणि मागून वाफ निघते. त्या हायड्रोजनसाठी वीज कुठून आणायची, सूर्याची की कोळशाची, खरा प्रश्न तो आहे.

किटमध्ये पैसे तर जातातच, पण हायड्रोजन-ऑक्सिजनचे मिश्रण ठिणगीने फुटते, आणि रिक्षात आपलीच मुले बसतात. विक्रेत्याला एवढेच सांगा: पेट्रोलची नळी काढा आणि आठवडाभर चालवून दाखवा.