बत्तीस जीबीचा हिशोब

निन्टेन्डो स्विच हा हातात धरून खेळायचा कन्सोल ३ मार्च २०१७ रोजी बाजारात आला. त्याची साठवण जाहीर केलेली होती ३२ जीबी. यंत्र सुरू करून सेटिंगमध्ये पाहिलं की गेमसाठी मोकळे दिसत २५.९. उरलेले सहा कुठे गेले, याचं उत्तर दोन भागांत आहे. बनवणारी कंपनी एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरते, यंत्र मात्र १०७ कोटी ३७ लाख ४१ हजार ८२४ बाइट झाल्याशिवाय एक जीबी मोजत नाही. या फरकातच ३२ चे २९.८ होतात. त्यानंतरचे चारेक जीबी यंत्राची स्वतःची प्रणाली अडवते, आणि ते परत मिळवायचा कुठलाही सरळ मार्ग नाही.

आता २५.९ मध्ये काय मावतं ते पाहा. स्विचच्या पहिल्याच वर्षातले तीन गाजलेले गेम घेऊ. झेल्डा मालिकेतला ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ १३.४ जीबी, ‘सुपर मारिओ ओडिसी’ ५.७ आणि ‘मारिओ कार्ट ८ डिलक्स’ साधारण ७. बेरीज २६ च्या वर. म्हणजे तिसरा गेम उतरवतानाच जागा कमी पडल्याची सूचना येणार, आणि तीही अपडेट धरायच्या आधी. २०१९ च्या स्विच लाइटमध्येही ३२ जीबीच होते. २०२१ च्या ओलेड मॉडेलमध्ये ते ६४ झाले, पण दोन मोठे गेम वाढले की तिथेही तीच गत.

सूचना आली की बहुतेकांचा हात आधी चुकीच्या ठिकाणी जातो. फोनची सवय असते ना! फोन भरला की आपण फोटो पुसतो, व्हॉट्सॲपचे गुड मॉर्निंग उडवतो. तोच रिवाज स्विचवर चालवला तर तासभर खर्ची पडतो आणि हाती काही लागत नाही. स्विचचे स्क्रीनशॉट १२८० बाय ७२० चे असतात, एकेक अगदी किरकोळ आकाराचा. व्हिडिओची मर्यादाच ३० सेकंदांची. शेकडो फोटो पुसले तरी अर्धा गेमसुद्धा मावणार नाही. फोटो ठेवायचे नसतील तर जरूर पुसा, पण जागेसाठी पुसू नका.

मग जागा खातं कोण? स्विचच्या पोटात मुख्यतः चार प्रकारचा माल असतो. एक, गेम स्वतः. दोन, त्या गेमचे अपडेट आणि विकत घेतलेले जादा भाग. तीन, तुमचे ‘सेव्ह’, म्हणजे खेळात तुम्ही कुठवर पोचलात, काय कमावलंत त्याची नोंद. चार, फोटो-व्हिडिओ. पहिले दोन प्रकार जवळपास सगळी जागा खातात, आणि नेमके तेच पुन्हा केव्हाही फुकट उतरवता येतात. तिसरा प्रकार सहसा नखाएवढी जागा घेतो, पण एकदा गेला की गेला. त्यामुळे सफाई करायची ती पहिल्या दोघांत. तिसऱ्याला हात लावायचा नाही.

रस्ता असा. होम पडद्यावरून सिस्टिम सेटिंग्ज उघडा आणि डावीकडच्या यादीत खाली सरकत ‘डेटा मॅनेजमेंट’वर या. यंत्रातली आणि मेमरी कार्डावरची मोकळी जागा वेगवेगळी लिहिलेली दिसेल. ‘मॅनेज सॉफ्टवेअर’मध्ये गेल्यावर प्रत्येक गेमपुढे त्याने अडवलेली जागा असते. ही यादी एकदा शांतपणे वाचण्यासारखी आहे, कारण आपला अंदाज आणि तिथला आकडा यांचा मेळ क्वचितच बसतो. दोन वर्षांपूर्वी एक संध्याकाळ खेळून सोडलेला, फुकट मिळालेला एखादा गेम तिथे ठाण मांडून बसलेला असतो.

गेम निवडला की दोन पर्याय येतात आणि इथेच लोक बिचकतात: ‘आर्काइव्ह सॉफ्टवेअर’ आणि ‘डिलीट सॉफ्टवेअर’. जागेच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. दोन्हींत गेम, अपडेट, जादा भाग सगळं जातं. फरक एवढाच की आर्काइव्ह केल्यावर गेमचं चित्र होम पडद्यावर राहतं. घर रिकामं केलं, पण दारावरची पाटी तशीच ठेवली. त्या चित्रावर दाबलं की यंत्र गेम पुन्हा उतरवायला घेतं. डिलीट केल्यावर चित्रही जातं, आणि तो गेम परत हवा असेल तर दुकानाच्या पानावर आपल्या खात्यातल्या ‘पुन्हा डाउनलोड’च्या यादीतून शोधावा लागतो. पैसे दोन्हीकडे पुन्हा द्यावे लागत नाहीत. आणि महत्त्वाचं म्हणजे या दोन्हींपैकी कशानेही सेव्ह जात नाही. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ डिलीट करा आणि सहा महिन्यांनी परत आणा. त्यातला नायक लिंक जिथे उभा होता तिथेच उभा असेल.

माझा कौल आर्काइव्हला. डिलीट ठेवावं ते परत कधीच खेळायचं नाही अशा गेमसाठी. एकदम बरंच काही काढायचं असेल तर ‘क्विक आर्काइव्ह’ आहे. यादीतल्या नावांपुढे खुणा करा आणि एका झटक्यात मोकळे व्हा. तेवढं करताना आपल्या इंटरनेटचा हिशोब मात्र मनात असू द्या. ५० एमबीपीएसच्या लाइनवर १३.४ जीबी परत आणायला कागदोपत्री चाळीसेक मिनिटं लागतात, प्रत्यक्षात बरीच जास्त. मोबाइलच्या रोजच्या दोन जीबीवर भागवत असाल तर तोच गेम परत यायला आठवडा जाईल.

कार्ट्रिज विकत घेणाऱ्यांना वाटतं की आपल्याला या भानगडीची झळ नाही. अर्धंच खरं आहे. गेम कार्ट्रिजवरून थेट वाचला जातो, यंत्रात उतरत नाही, हे बरोबर. पण कार्ट्रिजवर काही लिहिलं जात नाही, म्हणून तिचे सगळे अपडेट आणि जादा भाग यंत्रातच येऊन बसतात. दुसरी गोष्ट पैशांची. मोठी कार्ट्रिज महाग पडते, म्हणून काही प्रकाशक लहान कार्ट्रिजवर मावेल तेवढाच गेम भरतात आणि उरलेला इंटरनेटवरून उतरवायला लावतात. २०१७ साली स्विचवर आलेल्या ‘डूम’मध्ये एकट्याने खेळायचा भाग कार्ट्रिजवर होता आणि इतरांसोबत खेळायचा भाग वेगळा उतरवून घ्यावा लागे. खोक्यावर डाउनलोड लागेल असं छापलेलं असतं. घेताना ती ओळ वाचायची.

आता सेव्हबद्दल, कारण खरा घोटाळा इथेच होतो. स्विचवर सेव्ह नेहमी यंत्राच्या अंतर्गत साठवणीतच राहतात. मेमरी कार्डावर हलवायची सोयच नाही, तुम्ही केवढंही कार्ड घातलंत तरी. सेव्ह पुसण्यासाठी ‘डिलीट सेव्ह डेटा’ असा वेगळा पर्याय आहे, आणि तो मुद्दाम वेगळा ठेवलाय. गेम काढताना तिथे चुकून पोचणं अवघड आहे. चुकून होतं ते दुसऱ्या वाटेने: घरात चार जणांची चार प्रोफाइल असतात, मोठी मुलगी शिकायला बाहेरगावी जाते आणि कुणीतरी म्हणतं, तिचं प्रोफाइल काढून टाकू, तेवढीच जागा होईल. प्रोफाइलबरोबर तिचे सगळे सेव्ह जातात, आणि जागा होते ती जवळजवळ शून्य. स्विच निन्टेन्डोने भारतात अधिकृतपणे विकला नाही, त्यामुळे आपल्याकडे तो बहुधा परदेशातल्या नातेवाइकांकडून किंवा आयात माल ठेवणाऱ्या दुकानातून येतो, आणि बऱ्याचदा वापरलेलाच. तसा जुना स्विच हाती आला असेल तर आधीच्या मालकाचं प्रोफाइल पुसायला हरकत नाही. घरातल्या माणसाचं पुसण्याआधी त्याला विचारा.

सेव्हची दुसरी प्रत ठेवायची तर निन्टेन्डोच्या पैसे भरून घ्यायच्या ऑनलाइन सदस्यत्वात क्लाउड बॅकअप मिळतो. सगळ्या गेमना तो लागू नाही. ‘स्प्लॅटून २’ आणि ‘पोकेमॉन’ मालिकेतले ‘सोर्ड’ व ‘शील्ड’ हे गेम त्याच्या बाहेर आहेत. ‘ॲनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स’साठी बेटाच्या बॅकअपची स्वतंत्र व्यवस्था आहे आणि ती स्वतःहून चालू करावी लागते. एका स्विचवरून दुसऱ्यावर सेव्ह नेण्याची सोय एप्रिल २०१९ च्या अपडेटपासून आहे, पण तिथे प्रत निघत नाही. सेव्ह नव्या यंत्रात जातो आणि जुन्यातून नाहीसा होतो.

काढाकाढीचा कंटाळा आला की उपाय एकच, मायक्रोएसडी कार्ड. स्विचवर त्याची खाच मागच्या टेकूखाली असते, लाइटवर खालच्या कडेला झाकणाआड. कार्ड घालण्याआधी यंत्र पूर्ण बंद करायचं; पॉवरचं बटण नुसतं टिचकावून झोपवलेलं चालत नाही, बटण दाबून धरून पॉवर ऑफ निवडायचं. ६४ जीबी किंवा मोठं कार्ड पहिल्यांदा घातलं की यंत्र एक अपडेट मागू शकतं, म्हणून तेव्हा वायफाय जवळ असावं. त्यानंतर उतरवलेले गेम आपोआप आधी कार्डावर जातात. आत आधीपासून असलेले गेम मात्र आपणहून हलत नाहीत. ते हलवण्याची सोय एप्रिल २०२० च्या १०.०.० अपडेटने आली. त्याआधी तीन वर्षं लोक गेम काढून कार्डावर नव्याने उतरवत होते, हे आज खरं वाटत नाही. आता डेटा मॅनेजमेंटमध्येच यंत्र आणि कार्ड यांच्यात डेटा हलवायचा पर्याय आहे.

कार्ड केवढं घ्यावं? स्विच २ टीबीपर्यंत ओळखतो, पण एवढ्याची गरज क्वचितच पडते. १२८ जीबीत सामान्य घर निभावतं, गेम जमवायची हौस असेल तर २५६ किंवा ५१२. वेगाच्या बाबतीत यूएचएस-१ प्रकार पुरे. त्याहून महागाचा वेग हा स्विच वापरतच नाही, तेव्हा ते पैसे वाया.

स्वस्तात मिळतं म्हणून घेतलेल्या कार्डाबद्दल मात्र सावध. नकली कार्डाचा डाव साधा आहे: आत चिप असते १६ किंवा ३२ जीबीची, पण कार्डाची माहिती बदलून ते यंत्राला ‘मी २५६ आहे’ असं सांगतं. स्विचही विश्वास ठेवतो आणि पडद्यावर तसाच आकडा दाखवतो. पहिले एक-दोन गेम सुरळीत चालतात. खरी क्षमता संपली की पुढे लिहिलेलं कुठेच टिकत नाही, किंवा आधीच्या डेटावर जाऊन बसतं, आणि गेम खराब झाल्याच्या सूचना येऊ लागतात. तेव्हा दोष गेमचा किंवा कन्सोलचा वाटतो. म्हणून नवं कार्ड स्विचमध्ये घालण्याआधी संगणकावर तपासावं. विंडोजवर ‘एच२टेस्टडब्ल्यू’ आणि लिनक्स-मॅकवर ‘एफ३’ ही फुकट साधनं कार्ड काठोकाठ भरतात आणि लिहिलेलं परत वाचून पाहतात. मोठ्या कार्डाला काही तास लागतील. रात्री लावून झोपावं.

पुढेमागे लहान कार्डावरून मोठ्यावर जाताना सगळं पुन्हा उतरवायची गरज नसते. नवं कार्ड स्विचमध्ये एकदा फॉरमॅट करून घ्या. मग यंत्र बंद करून जुनं कार्ड संगणकाला जोडा, त्यावरचा निन्टेन्डो नावाचा फोल्डर उतरवून घ्या आणि नव्या कार्डावर टाका. फोटोही त्याच फोल्डरात ‘अल्बम’मध्ये असतात. हे चालतं ते फक्त त्याच यंत्रात. कार्डावरचे गेम त्या यंत्राच्या किल्लीने कुलूपबंद असतात, भावाच्या स्विचमध्ये तेच कार्ड घातलं तर गेम चालणार नाहीत. दोन कार्डांवर वेगवेगळे गेम ठेवून नंतर ते एका कार्डावर एकत्र करायचेही बेत करू नका.

इतर यंत्रांवर हिशोब थोडा बदलतो. २०२२ च्या स्टीम डेकचं सर्वांत स्वस्त मॉडेल ६४ जीबीचं होतं, आणि त्यात गेम कार्डावर ठेवूनही आतली जागा भरत जाई, कारण ग्राफिक्ससाठी आधीच तयार करून ठेवलेल्या शेडरच्या फायली आतल्या साठवणीतच जमत. साठवणीच्या पानावर त्या ‘इतर’ या नावाखाली दिसत, त्यामुळे दोषी कोण ते कळायलाच वेळ जाई.

५ जून २०२५ ला आलेल्या स्विच २ मध्ये अंतर्गत साठवण २५६ जीबी आहे. आठपट, पण त्याचे गेमही त्या मानाने फुगलेत. त्यात ‘गेम-की कार्ड’ नावाचा नवा प्रकार आहे: कार्ट्रिज दुकानातून आणायची, खेळताना खाचेत घालायचीही, पण तिच्यात गेम नसतो, नुसती परवानगी असते, अख्खा गेम उतरवून यंत्रात ठेवावा लागतो. कार्ट्रिज घेणाऱ्याला असलेला जागेचा उरलासुरला फायदाही त्याने गेला. आणि गेमसाठी हा कन्सोल फक्त मायक्रोएसडी एक्स्प्रेस कार्ड घेतो. जुन्या स्विचमधलं साधं कार्ड त्यात घातलं तर त्यावरचे स्क्रीनशॉट आणि व्हिडिओ तेवढे आत घेता येतात. तेव्हा नवा कन्सोल घ्यायचा विचार असेल तर जुन्यासाठी आज १ टीबीचं कार्ड घेऊ नका. २५६ वर थांबा.