हातघडणीची पाती : वस्तुसंग्रह आणि शब्दसंग्रह

लोहाराच्या भट्टीशी भाषाभ्यासकाचे काय काम, असा प्रश्न सहज विचारला जातो. रूडोल्फ मेरिंगर, ह्यूगो शुखार्ट प्रभृती पंडितांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच त्याचे उत्तर देऊन ठेवले आहे. वस्तूचा इतिहास बाजूस ठेवून शब्दाचा इतिहास कळत नाही, हे त्यांच्या विवेचनाचे सार होय. ह्या पंथाचे जे नियतकालिक १९०९ साली निघू लागले, त्याचे नावच मुळी ‘शब्द आणि वस्तू’ असे होते. प्रस्तुत लेखात ही दृष्टी हाताने घडविलेल्या पात्यांना, म्हणजे कोयता, विळा, विळी, सुरी, अडकित्ता ह्यांना लावून पाहावयाची आहे. अशा पात्यांचा संग्रह कसा करावा व त्यांची पारख कशी करावी, हाही प्रश्न ओघानेच येतो.

ह्या विचारास नवी मुंबईइतके योग्य स्थळ क्वचितच सापडेल. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे व तत्कालीन कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गावांच्या भूमीवर हे नगर उभे राहिले. त्यापूर्वी येथे भातशेती, मिठागरे आणि मासेमारी हे आगरी व कोळी समाजांचे मुख्य व्यवसाय होते. त्या प्रत्येकाचे पाते निराळे. भात कापावयास विळा, मासळीचे तुकडे करावयास कोयता आणि घरात बसून चिरावयास विळी. प्रमाण मराठीतील विळीस ह्या पट्ट्यात मोरळी म्हणतात. आगरी उच्चारात ‘ळ’चा ‘ल’ होत असल्याने तिची मोरली होते, तर शब्दारंभीचा ‘व्’ गळून विळ्याचा ‘इला’ होतो. दक्षिणेस मालवणीत ह्याच वस्तूस आडाळो म्हणतात. ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाच्या १९०५ साली प्रसिद्ध झालेल्या सातव्या खंडात कोकणातील ह्या बोलींची दखल घेतलेली आहे. परंतु बोलीचे नमुने आणि बोली बोलणाऱ्यांच्या हातातील वस्तू ह्यांची सांगड घालणे हे काम अद्याप बरेचसे उरले आहे. भाताची खाचरे गेली, तेव्हा इला माळ्यावर गेला. वस्तू माळ्यावर गेली की शब्द फार काळ ओठांवर राहत नाही.

आता भट्टीकडे वळू. तेथील उपकरणांची नावे पाहिली तर त्यांचे कूळ बहुतांशी संस्कृत-प्राकृत असल्याचे दिसते. लोहकाराचा लोहार झाला, भस्त्रेचा भाता, संदंशाचा सांडस, घनाचा घण आणि अधिकरणीची ऐरण. मालाची नावे मात्र अनेक दिशांनी आली आहेत. चाकू आणि पोलाद हे शब्द फारसीच्या द्वारे आले. पोलादास जुना मराठी शब्द ‘तिखे’ असा होता. त्याचे मूळ ‘तीक्ष्ण’ हे असून, संस्कृत रसग्रंथांत लोहाच्या एका प्रकारास हेच नाव आहे.

कोयता हा शब्द दक्षिणेकडचा. ‘कोय्’ म्हणजे कापणे हा धातू कन्नड, तमिळ आदी द्राविड भाषांत आहे. अडकित्त्याच्या पूर्वार्धातही कन्नड ‘अडके’ म्हणजे सुपारी स्पष्ट दिसते. दख्खनचे लोखंडकाम आणि शब्दांची ही देवघेव ह्यांना लांबचा इतिहास आहे. नागपूरजवळ नैकुंड येथे झालेल्या उत्खननात महापाषाणयुगीन लोकांची लोखंड गाळण्याची भट्टी सापडली आहे. पुढील काळात दक्षिण भारतातील मुशीत तयार होणारे पोलाद जगभर वाखाणले गेले. मुंबईतील वैद्य हेलेनस स्कॉट ह्याने त्याचे नमुने लंडनला धाडले आणि १७९५ साली जॉर्ज पिअर्सन ह्याने त्यांवर निबंध वाचला. इंग्रजीत रूढ झालेले त्याचे ‘वूट्झ’ हे नाव कन्नड ‘उक्कु’ ह्या शब्दाचेच बिघडलेले रूप मानले जाते.

सर्वांत उद्बोधक शब्द धारेसंबंधीचे आहेत. लालबुंद पाते पाण्यात वा तेलात बुडवून कठीण करणे ह्यास आपण ‘पाणी देणे’ किंवा ‘पाणी पाजणे’ म्हणतो. सुश्रुतसंहितेत शस्त्रांच्या ह्या संस्कारास ‘पायना’ असे नाव असून क्षार, उदक व तैल असे तिचे तीन प्रकार सांगितले आहेत. पायना म्हणजे पाजणेच. तहानलेले पोलाद पाणी पिते ही कल्पना इतकी जुनी आहे. खेड्यात कोयता ‘पाजवून’ आणतात, त्या क्रियापदाचे रूपही ह्याच कल्पनेशी जुळते. ‘पाजळणे’ मात्र वेगळे दिसते; ‘दिवा पाजळणे’ ह्या प्रयोगात त्याचे प्रज्वलनाशी असलेले नाते उघड आहे. धारेच्या दोन क्रियापदांत एकीकडे पाणी आणि दुसरीकडे अग्नी असावा, हे भट्टीच्या स्वरूपास धरूनच झाले.

नुसते पाणी दिलेले पाते कठीण असते, पण ठिसूळही असते. म्हणून ते पुन्हा बेताने तापवावे लागते. घासून उजळलेल्या पृष्ठावर प्रथम गवती पिवळा रंग येतो, तेव्हा उष्णता सुमारे २३० अंश सेल्सिअस असते. ३०० अंशांच्या सुमारास तो निळा होतो. जितका निळ्याकडे जावे तितकी लवचिकता वाढते व काठिण्य कमी होते. लोहार तापमापकाविना केवळ डोळ्याने हा क्षण टिपतो. घिसाडी समाजाच्या रस्त्याकडेच्या भट्टीवर हे आजही पाहता येते. तेथे घण पुष्कळदा स्त्रियांच्या हाती असतो, आणि कच्चा माल म्हणून मोटारींच्या जुन्या कमानपट्ट्या वापरलेल्या दिसतात.

संग्राहकाने पारख करावयाची ती ह्याच खुणांवरून. हातघडणीच्या पात्याची जाडी पाठीकडून धारेकडे व मुठीकडून टोकाकडे उतरत जाते. सरसकट पत्र्यातून कापलेल्या पात्यास हा उतार नसतो. अंगावर हातोड्याचे अस्पष्ट ठसे दिसतात. कधी धारेलगतची कठीण पट्टी अंगाहून वेगळ्या छटेची असते. झीज हा दोष मानू नये. वर्षानुवर्षे पाजवून मध्ये खोलगट झालेला मासळीचा कोयता त्याच्या धनिणीच्या हाताची सवय दाखवितो. अशा पात्यास चकचकीत करण्याच्या भरात कानस लावणे म्हणजे लेख पुसून कागद स्वच्छ करण्यासारखे होय. सुटा गंज काढून तेलाचा हलका हात फिरविणे पुरेसे आहे.

नित्याच्या वापरातील वस्तूही जतन करण्याजोगी असते, हे महाराष्ट्रास पटविण्याचे श्रेय पुण्याच्या दिनकर केळकरांकडे जाते. ‘अज्ञातवासी’ ह्या नावाने कविता लिहिणाऱ्या ह्या गृहस्थांनी दिवे, दौती, अडकित्ते जमवून आपल्या दिवंगत पुत्राच्या नावे उभे केलेले संग्रहालय सर्वश्रुत आहे. तोच कित्ता घरोघरी लहान प्रमाणात गिरविता येईल. मात्र वस्तूबरोबर तिची नोंद हवी : कोणत्या गावाची, कोणी घडविली, कशासाठी वापरली, मूठ, शेंबी, पाट, खवणी अशा प्रत्येक भागास त्या घरात काय म्हणत, आणि शक्य तर तो उच्चार ध्वनिमुद्रित केलेला. कायद्याचेही भान असावे. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालील २०१६ च्या नियमांत ९ इंचांहून लांब वा २ इंचांहून रुंद पात्यांची गणना शस्त्रांत होते. घरगुती व शेतीच्या उपयोगासाठी घडविलेली पाती त्यांतून वगळली आहेत. म्हणजे मोरलीस अडचण नाही, कट्यारीस आहे.

आज वृत्तपत्रांत रोज कोणता ना कोणता प्रश्न ‘ऐरणीवर’ येत असतो. तो लिहिणाऱ्यांपैकी किती जणांनी ऐरण पाहिली असेल? वाक्प्रचाराच्या आश्रयाने ऐरण निदान शब्दरूपाने टिकली. इला, मोरली, शेंबी, तिखे ह्यांना असा आश्रय मिळालेला नाही. त्यांना जाणणारी पिढी आज नवी मुंबईच्या गावठाणांत हयात आहे. मोरली मागावयास जाल तेव्हा वहीही बरोबर न्यावी, एवढेच अभ्यासकांना सुचवावेसे वाटते.