नाणीं पाहण्याचें भिंग

आपल्या शाळेंतील पुष्कळ मुलांस जुनीं नाणीं जमविण्याचा नाद आहे, आणि कित्येकांच्या घरीं देव्हाऱ्यांत किंवा आजीच्या पेटींत चांदीचे दोनचार रुपये असतातच. तीं पाहावयास भिंग पाहिजे, हें सर्वांस ठाऊक आहे. पण कोणतें, असें विचारलें असतां “जितकें मोठें दाखवील तितकें चांगलें” असें उत्तर मिळतें. हें उत्तर चुकीचें आहे. बाजारांत तीसपट, साठपट असे आंकडे कोरलेलीं स्वस्त भिंगें खपतात, तीं ह्याच समजुतीवर.

निरोगी डोळ्यास जवळची वस्तु आरामानें स्पष्ट दिसण्याचें अंतर सुमारें २५ सेंटिमीटर धरतात. ह्या २५ ला भिंगाच्या नाभ्यंतरानें भागलें म्हणजे तें किती पट मोठें दाखवितें हें निघतें. पांच सेंटिमीटर नाभ्यंतराचें भिंग पांचपट, अडीच सेंटिमीटरांचें दहापट. ह्याचाच अर्थ असा कीं, शक्ति वाढली म्हणजे नाणें भिंगाच्या अधिकाधिक जवळ न्यावें लागतें, एका वेळीं त्याचा लहानसा तुकडाच दृष्टीस पडतो, आणि उठावाचें अक्षर रेखीव दिसलें तर त्याच्या पायथ्याची जमीन अंधुक होते.

हें गणित येत असलें तर दुकानदाराचा आंकडा घरीं पडताळतां येतो. खिडकीसमोरील भिंतीजवळ उभें राहून भिंग व कागद असे धरावे कीं, बाहेरच्या दूरच्या झाडाची उलटी प्रतिमा कागदावर स्वच्छ पडेल. मग भिंगाच्या मध्यापासून कागदापर्यंतचें अंतर पट्टीनें मोजावें. तें अडीच सेंटिमीटर भरलें तर भिंग दहापट, मग मुठीवर तीस लिहिलेलें असो कीं साठ! खऱ्या तीसपट भिंगाची प्रतिमा अवघ्या ८ मिलिमीटरांवर पडली पाहिजे. जाड भिंगांत मोजणीची थोडी चूक राहते. परंतु दहा आणि तीस ह्यांतील अंतर कांहीं लपत नाहीं.

आतां कोणत्या कामास कोणतें? शिवराई वाचावयास वाचनाचें दोन-अडीचपट भिंग पुरे. तिच्या एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ हीं अक्षरें असतात. पण ठसा नाण्याहून मोठा असल्यामुळें कडेचीं अक्षरें पुष्कळदां तुटलेलीं आढळतात. सर्व ओळी एकदम डोळ्यांसमोर असल्या म्हणजेच तुटलेला भाग जुळवितां येतो. येथें दहापट भिंग घेणारा मनुष्य नुसतें तांबें पाहत बसतो.

रुपयांस पांचपट भिंग उत्तम. पंचम जॉर्जच्या १९११ सालच्या रुपयावर राजाच्या झग्यावरील साखळींत एक चिमुकला हत्ती आहे. त्याची सोंड इतकी आखूड उतरली कीं लोकांस तें डुकरासारखें वाटलें व असंतोष पसरला. शिल्लक रुपये वितळविण्यांत आले, आणि १९१२ पासून हत्तीस सोंडेसारखी सोंड मिळाली. त्याच राजाच्या रुपयाच्या मागील बाजूस तळाशीं कमळ आहे. त्याखालीं बारीक उठावाचा ठिपका असेल तर रुपया मुंबईच्या टांकसाळींत पडलेला, नसेल तर कलकत्त्याच्या. आजच्या नाण्यांवरहि सालाखालीं अशा खुणा असतात. मुंबईची खूण शंकरपाळ्याच्या आकाराची, हैदराबादची तारा, नोएडाची ठिपका. कोलकात्याची कांहींच नाहीं. हें सर्व पांचपटींत बिनचूक दिसतें.

दहापट भिंग लागतें तें खऱ्याखोट्याच्या निवाड्यास. खरा रुपया ठशांमध्यें दाबून पाडलेला असतो. नकली पुष्कळदां सांच्यांत ओतलेला असतो. ओततांना हवेचे बुडबुडे अडकून पृष्ठभागावर बारीक गोल खळगे राहतात, अक्षरांच्या कडा मेणासारख्या बोथट होतात, आणि कांठावर कधीं कधीं सांच्याच्या दोन भागांचा सांधा घासलेला दिसतो. गंजाचे खळगे मात्र वेडेवांकडे असतात. दोहोंची गल्लत करूं नये. दुसरी गोष्ट घासलेल्या नाण्यांची. चिंच किंवा राख लावून चकचकीत केलेल्या रुपयावर भिंगाखालीं ओरखड्यांचें जाळें दिसतें, आणि जाणता गिऱ्हाईक तें पाहून किंमत उतरवितो. आजीच्या पेटींतील रुपये पाहावयाचे असले तर ते काळे आहेत तसेच पाहावे.

दहापट भिंग एकेरी कांचेचें घेतल्यास कडेच्या रेषा वांकतात व त्यांस रंगीत झालर येते. तीन कांचा एकत्र चिकटवून केलेल्या भिंगांत हे दोष पुष्कळ अंशीं जातात. जव्हेरी हिरे पारखावयास हेंच वापरतात, म्हणून तें त्यांच्या साहित्याच्या दुकानीं मिळतें. तें डोळ्याशीं अगदीं लावून धरावें व नाणें हळूहळू वर आणावें. भिंग हातभर दूर धरून डोळे बारीक करण्यांत अर्थ नाहीं. दिवा डोक्यावर नसावा, बाजूस ठेवावा. तिरप्या प्रकाशांत उठावाची सावली पडते, आणि झिजलेलें अक्षरहि वाचतां येतें. नाणें कडेनें धरून खालीं जाड मऊ कापड पसरावें, म्हणजे हातून निसटलें तरी इजा होत नाहीं.

शाळेच्या प्रयोगशाळेंतील सूक्ष्मदर्शक ह्या कामीं फारसा येत नाहीं. त्याचा प्रकाश खालून येतो व नाणें तो अडवितें; शिवाय मोठ्या शक्तीचें भिंग नाण्यास जवळजवळ टेकतें. दोन डोळ्यांनीं पाहावयाचें, वरून प्रकाश देणारें यंत्र दहा ते तीसपटींत अप्रतिम असतें, पण तें महाग. संगणकास जोडावयाचीं लहान यंत्रें आतां स्वस्त झालीं आहेत. त्यांवरील ‘हजारपट’ हा आंकडा पडद्याच्या लांबीरुंदीवर फुगविलेला असतो. तथापि नाण्याचें छायाचित्र काढून दुसऱ्या गांवच्या जाणकारास पाठवावयाचें असेल, तर त्यांच्याइतकें सोयीचें दुसरें साधन नाहीं.