खजूर-बेदाण्यांचा कणकेचा पाव

असर आणि मगरिबच्या मधल्या वेळेत बहुतेक घरांत एकच प्रश्न ऐकू येतो, "अम्मी, खायला काय आहे?" शाळेतून आलेल्या आणि लगेच मकतबला निघणाऱ्या मुलांपुढे मग चहाबरोबर खारी, टोस्ट, नानखटाई किंवा बिस्किटांचा पुडा ठेवला जातो. हे बहुतेक पदार्थ मैदा, साखर आणि वनस्पती तुपाचे. ते खाऊन पोट भरल्यासारखे वाटते, पण थोड्याच वेळात मुले पुन्हा काहीतरी मागतात आणि रात्रीच्या जेवणाला नाक मुरडतात. यावर एक चांगला पर्याय म्हणजे कणकेचा, सुका मेवा घातलेला पाव.

गव्हाच्या दाण्याचे तीन भाग असतात: बाहेरचा कोंडा, आतला पिठूळ गाभा आणि इवलासा अंकुर. मैद्यात फक्त गाभा उरतो. 100 ग्रॅम कणकेत सुमारे 11 ग्रॅम तंतुमय पदार्थ असतात, मैद्यात जेमतेम 3 ग्रॅम. या तंतूंमुळे अन्न सावकाश पचते, पोट साफ राहते आणि भूक लवकर लागत नाही.

आपल्याला हे नवे नाही. बुखारी शरीफमध्ये हजरत सहल बिन साद (रजि.) यांच्याकडून आलेल्या हदीसचा आशय असा आहे की प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या घरी चाळलेले पांढरे पीठ नसे. जव दळून त्यावर फुंकर मारीत, उडेल तेवढा कोंडा उडून जाई आणि उरलेले भिजवून खात. मैदा खाणे निषिद्ध आहे, असा याचा अर्थ नाही. पण साध्या, न चाळलेल्या धान्याची भाकरी त्या घरात होती, हे मुलांना जरूर सांगावे.

बाजारातून आणताना

पाकिटावर 'ब्राऊन ब्रेड' लिहिले म्हणजे तो कणकेचाच असतो असे नाही. पुष्कळदा तपकिरी रंग कॅरमलचा असतो. पाकीट उलटे करून घटकांची यादी वाचा. जो घटक वजनाने सर्वात जास्त, तो यादीत पहिला लिहावा लागतो. पहिले नाव मैद्याचे असेल, तर पाव मैद्याचाच समजा. 'फ्रूट ब्रेड'मधले लाल-हिरवे तुकडेही फळांचे म्हणून फसू नका. ती टूटीफ्रूटी, म्हणजे साखरेच्या पाकात शिजवून रंगवलेली कच्ची पपई.

हलालचा प्रश्नही इथेच येतो. 471 हा क्रमांक असलेला घटक वनस्पती तेलापासून बनतो, तसाच प्राण्यांच्या चरबीपासूनही बनू शकतो. पाकिटावर हिरवी खूण असेल तर प्राणिजन्य चरबी वापरलेली नसते. तपकिरी खूण मात्र नुसत्या अंड्यामुळेही असू शकते, म्हणून यादी वाचावी. हिरव्या खुणेवरून अल्कोहोलबद्दल काही कळत नाही. काही इसेन्समध्ये ते असते, म्हणून शंका असल्यास बेकरीवाल्याला विचारावे किंवा पाव घरीच करावा.

घरी करताना

साहित्य: कणीक 300 ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट दीड छोटा चमचा, मीठ 1 छोटा चमचा, तेल 2 मोठे चमचे, कोमट दूध-पाणी मिळून सुमारे 230 मिलि, बिया काढून चिरलेले खजूर 80 ग्रॅम, बेदाणे 40 ग्रॅम, अक्रोड किंवा बदाम मूठभर, वरून तीळ. सांगली-तासगावचे बेदाणे यासाठी छान. साखर अजिबात लागत नाही.

बेदाणे पंधरा मिनिटे पाण्यात भिजवून निथळून घ्या, नाहीतर ते पिठातले पाणी ओढून घेतात. कणीक, यीस्ट, मीठ आणि दूध-पाणी एकत्र करून चपातीपेक्षा सैल मळा. तेल लावून दहा मिनिटे चांगले तिंबा. मग मेवा मिसळा. झाकून दीड तास, पीठ फुगेपर्यंत ठेवा. थंडीत जास्त वेळ लागेल. तेल लावलेल्या डब्यात घालून पुन्हा पाऊण तास फुगू द्या. वर तीळ लावून 190 अंशांवर 35 ते 40 मिनिटे भाजा. ओव्हन नसेल तर जाड पातेल्यात मीठ पसरून ते तापवा, त्यावर स्टँड ठेवून डबा झाकणाखाली मंद आचेवर ठेवा. याला पाऊण तास ते तासभर लागतो. सुरी खुपसून ती कोरडी निघाली आणि तळावर टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला की पाव झाला. पूर्ण गार झाल्यावरच कापा.

हा पाव बेकरीच्या पावासारखा हलका होत नाही. मुले पहिल्यांदा "हा केक आहे की पाव?" असे विचारतील. सुरुवातीला अर्धी कणीक, अर्धा मैदा घ्या आणि हळूहळू कणकेचे प्रमाण वाढवा. तव्यावर शेकून लोणी लावलेला काप बहुतेक मुलांना आवडतो.

मापातच

खजूर आणि बेदाण्यांत वजनाच्या सुमारे दोनतृतीयांश साखरच असते. मुलांना दोन काप पुरेत. घरात दादा-दादींना मधुमेह असेल तर मेवा निम्मा करून तीळ-अक्रोड वाढवा आणि अर्धाच काप द्या, तोही डॉक्टरांच्या सल्ल्याने. लहान मुलांच्या घशात सुका मेवा अडकू शकतो, म्हणून त्यांच्यासाठी तो बारीक कुटून घाला.

बाहेर हा पाव दोन दिवस टिकतो. काप करून फ्रीजरमध्ये ठेवल्यास सहरीच्या वेळी तव्यावर शेकायला तयार मिळतात. पहिला पाव करताना दोन डबे भरा, एक शेजारी पाठवायला.